बॉयकॉट झाला कोणावर?

'बॉयकॉट' शब्दाच्या जन्मावर मी लिहिलं, त्यावरची तुमची प्रतिक्रिया तिखट आहे, पण मुद्द्याची आहे, म्हणून सविस्तर लिहितो. तुमचं म्हणणं असं की, वाळीत टाकणं आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. मग 'बॉयकॉट' हे क्रियापद 1880 साली जन्मलं याचं एवढं कौतुक कशाला? एका इंग्रज कॅप्टनला उगीच श्रेय!

श्रेय त्याचं नाहीच. चार्ल्स बॉयकॉटने बहिष्कार घातला नाही, तो त्याच्यावर पडला. आयर्लंडच्या मेयो परगण्यात लॉर्ड अर्न या जमीनदाराचा तो कारभारी. पीकपाणी वाईट म्हणून मालकाने खंडात दहा टक्के सूट दिली, कुळांनी पंचवीस मागितली. ती मिळाली नाहीच, उलट जमिनी खाली करण्याच्या नोटिसा निघाल्या. झालं! गडीमाणसं काम टाकून गेली, बॅलिनरोबच्या दुकानदारांनी सामान बंद केलं, लोहाराला आणि धोबिणीलाही गावाने दटावलं. उभं पीक काढायला उत्तरेकडून पन्नास माणसं आणावी लागली आणि त्यांच्या राखणीला हजारेक सैनिक व पोलीस. पीक होतं साधारण पाचशे पौंडांचं, खर्च दहा हजारांच्या घरात गेल्याचा अंदाज आहे. डिसेंबरात कॅप्टनसाहेबांनी आयर्लंड सोडलं.

क्रियापदाची गोष्ट जेम्स रेडपथ या अमेरिकन पत्रकाराने सांगितली आहे. 'ऑस्ट्रसाइझ' (म्हणजे वाळीत टाकणं) हा जड इंग्रजी शब्द कुळांच्या तोंडी बसणार नाही, अशी त्याची अडचण. तिथले पाद्री जॉन ओमॅली म्हणाले, मग 'बॉयकॉट करणं' म्हणू या. थोड्याच वर्षांत फ्रेंच, जर्मन, रशियन सगळ्यांनी ते उचललं.

आता तुमचा खरा आक्षेप. कृती तीच, हे कबूल: पाणी, दुकान, मजुरी, बोलणंचालणं तोडायचं. पण कोण कोणावर करतं हे बघायला नको? आपल्याकडची जातपंचायत वाळीत टाकायची ती बहुधा आधीच दुबळ्या असलेल्या घराला. मेयोत कुळांनी तेच हत्यार जमीनदाराच्या माणसावर फिरवलं. पुढे 1905 च्या बंगालच्या फाळणीनंतर तोच मार्ग विलायती मालाविरुद्ध वापरला गेला आणि टिळकांच्या चतुःसूत्रीत स्वदेशीशेजारी बहिष्कार येऊन बसला.

हत्यार उलटंही फिरतं, हे बाबासाहेबांइतकं स्पष्ट फार थोड्यांनी मांडलं. हक्क मागणाऱ्या अस्पृश्यांची मजुरी आणि दुकान गाव बंद करतं, म्हणून गोलमेज परिषदेपुढच्या निवेदनात त्यांनी बहिष्कार हा गुन्हा ठरवा अशी मागणी केली, आणि त्यासाठी ब्रह्मदेशातल्या 1922 च्या बहिष्कारविरोधी कायद्याचा आधार घेतला. महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा आला 2016 चा: तीन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. म्हणजे 'आपल्याकडे होतंच' हे तुमचं वाक्य खरं आहे, फक्त त्यात अभिमान बाळगण्यासारखं मला काही दिसत नाही.

राहिला 'बॉयकॉट केला' या मराठीवरचा तुमचा राग. बोलताना मला तो चालतो. पण 'बहिष्कार केला' असं छापलेलं दिसलं की मीही वैतागतो. बहिष्कार टाकतात, नाहीतर घालतात. निदान एवढ्यावर तरी आपलं भांडण नाही.