लागूंनंतर कुणी करायचंच नाही का?

सांगलीत ५ नोव्हेंबर जवळ आला की नाटकाचा विषय घराघरांत निघतो. मराठी रंगभूमी दिनी विष्णुदास भावे गौरव पदक दिलं जातं, पेपरांत जुने फोटो येतात, आणि गावभागातल्या आमच्या घरी दादाचं ठरलेलं वाक्य येतं: “लागूंनंतर ‘नटसम्राट’ बंदच करायला पाहिजे होतं.” मग डॉ. श्रीराम लागूंनी गाजवलेल्या या नाटकावरून फोनवर माझं आणि त्याचं जुंपतं.

अलीकडे या वादाला टीव्हीचीही जोड मिळाली. २०२५ च्या एप्रिलमध्ये ‘सीआयडी’त शिवाजी साटमांचा एसीपी प्रद्युम्न मारला गेल्याचं दाखवलं आणि पार्थ समथानच्या रूपाने नवा एसीपी आणला. १९९८ पासून घरात येणारा माणूस असा अचानक काढला म्हणून लोक खवळले, आमची आईसुद्धा. साटम पुढे परत आले, पण दादाला हवा तो पुरावा मिळाला होता. “बघ, भूमिका त्या माणसाची असते. माणूस गेला की भूमिका संपली. दुसरा उभा केला की फसवणूक.”

मी गेली बरीच वर्षं वेल्समध्ये, कार्डिफला राहते. एका हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत काम करते. दादाचं म्हणणं मला पटत नाही याचं एक मोठं कारण या गावात मला रोज भेटतं. ‘डॉक्टर हू’ ही बीबीसीची मालिका २००५ पासून इथेच, वेल्समध्ये तयार होते. ती सुरू झाली मात्र त्याच्या कितीतरी आधी, २३ नोव्हेंबर १९६३ ला. तिचा नायक ‘डॉक्टर’ हा परग्रहावरचा प्रवासी, निळ्या पोलीस-पेटीच्या आकाराच्या यानातून काळात मागेपुढे फिरणारा. पहिला डॉक्टर झालेले विल्यम हार्टनेल १९६६ पर्यंत आजारपणाने थकले. मालिका तर चालू ठेवायची होती. तेव्हा लेखकांनी तोडगा काढला: हा प्राणी मरायला टेकला की त्याचं शरीर बदलतं. चेहरा नवा, स्वभाव बराचसा नवा, आठवणी मात्र त्याच. हार्टनेल मालिकेतून गेले, पॅट्रिक ट्राउटन आले, आणि तेव्हापासून डॉक्टर बदलतोच आहे.

आता दादाच्या हिशेबाने पाहिलं तर या मालिकेत कुणाचाच ठसा उमटायला नको होता. रोज मूर्ती बदलणाऱ्या देवळात कुणाला नमस्कार करायचा? पण इथे साठीच्या पुढच्या कुणालाही विचारा, तुमचा डॉक्टर कोण? बहुतेक वेळा उत्तर येतं, टॉम बेकर. चौथा डॉक्टर. लांबच लांब पट्ट्यापट्ट्यांचा मफलर, मोठी टोपी, विस्कटलेले कुरळे केस, टपोरे डोळे, आणि खिशातून काढून समोर धरलेली जेली बेबीज् गोळ्यांची पुडी. ज्याने मालिकेचा एक भागही पाहिलेला नाही त्यालाही मफलर ठाऊक असतो. त्या मफलरची गोष्टही छान आहे. वेशभूषाकार जेम्स ॲचेसन यांनी विणणाऱ्या बाईंकडे निवड करता यावी म्हणून भरपूर लोकर पाठवली. बाईंनी ती सगळीच्या सगळी विणून टाकली. तो लांबलचक मफलर पाहून बेकरना तोच हवासा वाटला.

पण मफलरने कुणी अजरामर होत नाही. १९७४ साली बेकर चाळिशीचे होते आणि काम नसल्यामुळे बांधकामावर मजुरी करत होते. लिव्हरपूलच्या गरीब कॅथलिक घरातला हा मुलगा तरुणपणी काही वर्षं मठात ब्रह्मचारी म्हणून राहिला होता, मग तेही सोडलं. निर्माते बॅरी लेट्स यांनी त्यांचं सिंदबादच्या एका चित्रपटातलं काम पाहिलं आणि त्यांना घेतलं. प्रेक्षकांच्या मनात या चेहऱ्याची आधीची फारशी ठसलेली प्रतिमा नव्हती. परग्रहावरचा माणूस कसा असतो हे त्यांना ओढूनताणून दाखवावं लागलं नाही. माणसांच्या जगात थोडं बाहेरून डोकावण्याची त्यांची मुळातली नजर त्या भूमिकेत जशीच्या तशी बसली.

१९७५ च्या एका कथेतला प्रसंग मी कितीदा पाहिलाय. डालेक नावाची, संहाराशिवाय काही न जाणणारी जमात. ती जन्माला येत असतानाच तिचा नायनाट करायचं काम डॉक्टरवर सोपवलेलं आहे. स्फोटकं लावून झालीत. बेकर बोळात, दाराशी, दोन उघड्या तारा हातात घेऊन थबकलेले. ती टोकं एकमेकांना लावायची, एवढंच उरलंय. सोबतची सारा म्हणते, लाव, वाट कसली बघतोस? आणि हा माणूस तारांकडे बघत विचारतो, मला हा अधिकार आहे का? पुढे अत्याचारी होणारं मूल कुणी आज दाखवलं, तर त्या मुलाला तू मारशील का? एरवी जो खोलीभर आवाज घुमवतो तो इथे जवळजवळ पुटपुटतो. तारा धरलेले हात एकमेकांच्या जवळ येतात, पुन्हा लांब होतात. तेवढ्यात कुणीतरी धावत येऊन सांगतो की आता याची गरज नाही, आणि बेकरच्या चेहऱ्यावर जी सुटका दिसते ती मुलांच्या मालिकेत शनिवारी संध्याकाळी दिसावी यातच सगळं आलं. विनोदी माणूस गंभीर झाला की त्याचं वजन वाढतं हे आपल्याकडच्या थोर नटांनाही ठाऊक होतं.

अर्थात हे एकट्या नटाचं यश नव्हे. निर्माते फिलिप हिंचक्लिफ आणि पटकथा संपादक रॉबर्ट होम्स यांनी त्या सुरुवातीच्या तीन वर्षांत मालिकेला भयकथांचा असा काही रंग दिला की टीव्हीवरच्या हिंसेविरुद्ध मोहीम चालवणाऱ्या मेरी व्हाइटहाउस बाई बीबीसीच्या मागे हात धुऊन लागल्या. नट जागेवर होता आणि लेखनही त्याच्या तोडीचं होतं. पुढे ते दोघे मालिका सोडून गेल्यावर बेकर बऱ्याचदा मोकाट सुटले, वाक्यं बदलू लागले, दिग्दर्शकांशी भांडू लागले. त्या वर्षांतले काही भाग मला अजिबात आवडत नाहीत. तरी ते १९८१ पर्यंत, म्हणजे सात वर्षं टिकले. इतका काळ सलग कुठलाच डॉक्टर टिकलेला नाही. पाच वर्षांचं मूल बारा वर्षांचं झालं तोवर शनिवारी तोच चेहरा. १९७९ च्या ऑक्टोबरमध्ये एका भागाला एक कोटी साठ लाखांवर प्रेक्षक मिळाले. तेव्हा समोरची आयटीव्ही वाहिनी संपामुळे बंद होती हे खरं, पण लोक बघत बेकरनाच होते. ते स्वतः लहान मुलांपुढे सिगारेट ओढायचं, दारू प्यायचं टाळायचे. रस्त्यात भेटणाऱ्या मुलाला डॉक्टरच भेटला पाहिजे, अशी त्यांची धारणा होती. भूमिकेचं हे व्रत आपल्या लोकांना लगेच कळेल.

माझा खरा मुद्दा बेकरनी मालिका सोडल्यानंतर सुरू होतो. त्यांच्या जागी पीटर डेव्हिसन आले. तिशीच्या उंबरठ्यावरचे, गोरेगोमटे, क्रिकेटच्या पांढऱ्या पोशाखात. मफलर नाही, घुमणारा आवाज नाही, ते डोळे वटारून हसणं नाही. बेकरची नक्कल करायला त्यांना कुणी सांगितलं नाही आणि त्यांनी ती केली नाही. पुढचे सगळे असेच आपापल्या वाटेने गेले. आणि दर वेळी नवा डॉक्टर आला की इथे लोक पुन्हा बेकरबद्दल बोलू लागतात. नव्याशी ताडून बघताना जुन्याचं मोठेपण जास्त नेमकं कळतं. २०१३ मध्ये पन्नासाव्या वर्षाच्या खास भागात बेकर शेवटी दोनच मिनिटं दिसले, म्हातारे, काठी घेतलेले, तर अख्खा देश हळवा झाला. त्यांच्यानंतर ही भूमिका कुणी केलीच नसती, तर ती ऐंशीच्या दशकात गोठून गेली असती आणि आजच्या मुलांनी बेकरचं नावही ऐकलं नसतं.

इथले लोक फार उदार आहेत असं मला म्हणायचं नाही. २०१७ मध्ये जोडी व्हिटाकर ही पहिली बाई डॉक्टर होणार असं जाहीर झालं, तेव्हा आमच्या प्रयोगशाळेतल्या चहाच्या वेळा त्या भांडणात गेल्या आणि काही जण जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण मालिका थांबवा असं त्यांच्यातलं कुणी म्हणालं नाही. आवडली नाही तर पुढच्या डॉक्टरची वाट बघायची, हे मालिकेनेच त्यांच्या अंगी मुरवलंय.

आता लागूंकडे येते. डॉ. श्रीराम लागू जन्मले साताऱ्यात, १९२७ साली. कान-नाक-घशाचे सर्जन, टांझानियात काही वर्षं डॉक्टरकी केलेले, १९६९ मध्ये ती बाजूला ठेवून पूर्णवेळ नट झालेले. २३ डिसेंबर १९७० ला ‘नटसम्राट’चा पहिला प्रयोग झाला तेव्हा ते अवघे त्रेचाळीस वर्षांचे होते आणि उभा केला अप्पासाहेब बेलवलकर हा खचलेला म्हातारा नट. पुढे तब्येतीने साथ दिली नाही आणि त्यांना ते काम सोडावं लागलं. पण नाटक थांबलं नाही. दत्ता भट आले, सतीश दुभाषी आले, पुढे यशवंत दत्त आले.

आमच्या अण्णांनी लागूही प्रत्यक्ष पाहिले होते आणि भटही. ते कधीच म्हणाले नाहीत की भटांनी करायला नको होतं. जेवताना दोघांची तुलना सुरू झाली की ताटातला भात गार व्हायचा. “लागूंचा बेलवलकर राजा होता, राज्य गेलेला राजा. भटांचा बेलवलकर आपल्या आळीतला म्हातारा वाटायचा, उठून हात धरावा असा.” दादाने लागूंना पाहिलं ते चित्रफितीवर. ज्यांनी दोघांना पाहिलं ते दोघांवर प्रेम करून गेले, आणि ज्यांनी एकालाच पाहिलं ते आज दुसऱ्याला दार लावतात, हे मला फार खटकतं. हे लागूंवरचं प्रेम खरंच आहे, पण त्याने लागूंचं काही राखलं जात नाही.

दादा, मिरज आपल्यापासून किती लांब आहे? सिटी बसने अर्धा-पाऊण तास. किर्लोस्करांच्या ‘शाकुंतल’मधली शकुंतला भाऊराव कोल्हटकरांनी अशी गाजवली होती की लोक त्या गळ्यासाठी वेडे होते. १९०१ मध्ये भाऊराव गेले. तेव्हाही कुणीतरी म्हटलंच असेल की आता शकुंतला नको. १९०५ मध्ये त्याच किर्लोस्कर नाटक मंडळीच्या ‘शाकुंतल’मध्ये मिरजेत एक सतरा वर्षांचा मुलगा शकुंतला म्हणून उभा राहिला. तो बालगंधर्व. मिरजकरांनी तुझ्यासारखं दार लावलं असतं तर? आणि बालगंधर्व झाले म्हणून भाऊरावांचं नाव पुसलं गेलं का? आजही जाणकार दोघांची नावं एकापाठोपाठ घेतात. हरिपूरच्या देवलांची ‘शारदा’ १८९९ ची. तिची पदं गेली सव्वाशे वर्षं किती गळ्यांनी गायली! एकाच गळ्याला दिली असती तर ती त्या गळ्याबरोबर गेली असती. संगीत नाटकाच्या बाबतीत आपल्याला हे कळतं आणि गद्य नाटक आलं की आपण आडमुठे होतो.

दादाचं एक म्हणणं मात्र मी मान्य करते. जुनी नाटकं पुन्हा आणणारे कधी कधी फक्त नावावर तिकिटं विकतात, तालमी धड होत नाहीत, आणि नवा नट लागूंचेच विराम, लागूंचाच सूर उचलतो. तो प्रयोग पाहून चीड येते, आणि यायलाच हवी. पण यात दोष प्रेक्षकांचाही आहे. आपल्या डोळ्यांत जुना नट इतका भरलेला असतो की नव्याने वेगळं केलं की आपण नाक मुरडतो, आणि तसंच केलं की नक्कल म्हणतो. डेव्हिसनला इंग्लंडने जी मोकळीक दिली ती आपण आपल्या पोरांना देत नाही.

आणि जपायचंच असेल तर चित्रीकरण जपा. बीबीसीने स्वतः साठच्या दशकातल्या ‘डॉक्टर हू’च्या टेपा पुसून टाकल्या, हार्टनेल आणि ट्राउटनचे नव्वदहून अधिक भाग त्यात गेले आणि त्यांचे चाहते आजही हळहळतात. बेकरचे दाखवले गेलेले सगळे भाग शाबूत आहेत. त्यांचं नाव आज या तोंडून त्या तोंडी जातं त्यात याचा वाटा मोठा आहे. गणपतराव जोशींचा हॅम्लेट आपण कधीच पाहू शकणार नाही. तेव्हा साधनं नव्हती. आज आहेत. सांगलीला नाट्यपंढरी म्हणतो, १८४३ च्या ‘सीता स्वयंवर’चा अभिमान मिरवतो, तर भावे नाट्यमंदिरात होणारा प्रत्येक चांगला प्रयोग, निर्मात्याची परवानगी घेऊन, नीट चित्रित करून ठेवायला काय हरकत आहे? त्यासाठी वर्गणी काढा, आम्ही बाहेर राहणारे आनंदाने देऊ.

तोवर दादा, पुढच्या खेपेला नवा बेलवलकर सांगलीत आला की आईला घेऊन जा. पुढच्या रांगेची तिकिटं काढ, पैसे मी पाठवते. आणि प्रयोग संपला की रात्रीच फोन कर. तो लागूंहून कुठे वेगळा होता, ते मला सविस्तर ऐकायचंय.