उत्तर : ‘तीन टूल्स, तीन एरर, सल्ला एकच – रिइन्स्टॉल करा’

नमस्कार,

मी या कंपनीचा मालक, आणि या ग्रिड कंट्रोलचा (फॉर्मवर टाकायच्या तयार तक्त्याचा) बराचसा कोडही मीच लिहिलेला आहे. तुम्ही एक स्टार देऊन लिहिलंय की ४.० वर अपडेट केल्यापासून व्हीबी ६ (व्हिज्युअल बेसिक ६) मधले जुने फॉर्म धड उघडत नाहीत, एक्सेलच्या युजरफॉर्मवर ‘क्लास नॉट रजिस्टर्ड’ येतं, व्हिज्युअल स्टुडिओ २०२२ च्या डिझायनरमध्ये कंट्रोल फॉर्मवर बसतच नाही, आणि आमच्या सपोर्टनं तिन्ही वेळा ‘काढून पुन्हा इन्स्टॉल करा’ एवढंच सांगितलं. तुमची तिन्ही तिकिटं मी वाचली. तक्रार खरी आहे. तीन एररची कारणं तीन वेगळी आहेत आणि रिइन्स्टॉल करून त्यातलं एकही जाणार नव्हतं. तुमचे जे दिवस त्यात गेले त्याबद्दल मनापासून माफी मागतो.

आधी एक तातडीचं. व्हीबी ६ ला कंट्रोल सापडलं नाही की ते त्या जागी पिक्चरबॉक्स ठेवतं आणि फॉर्मच्या नावानं एक लॉग फाइल लिहितं. अशा अवस्थेत फॉर्म सेव्ह झाला तर ग्रिडच्या डिझाइनमध्ये भरलेल्या सगळ्या प्रॉपर्टीज जातात, मग कंट्रोल नीट बसवलं तरी त्या परत येत नाहीत. म्हणून असे फॉर्म सेव्ह न करता बंद करा. सेव्ह झाले असतील तर बॅकअपमधून एफआरएम (फॉर्म) आणि एफआरएक्स (त्याचा बायनरी डेटा) या दोन्ही फाइल्स परत आणा. एकच आणून भागत नाही. हे सपोर्टनं पहिल्याच उत्तरात सांगायला हवं होतं, आणि सांगितलं नाही याचंच मला सगळ्यात वाईट वाटतं.

व्हीबी ६ मधला बिघाड पूर्णपणे आमचा आहे. फॉर्मच्या फाइलमध्ये वरच्या एका ओळीत कंट्रोलच्या टाइप लायब्ररीचा (त्यात काय काय आहे त्या यादीचा) जीयूआयडी, म्हणजे एकमेव ओळख क्रमांक, आणि व्हर्जन असतं. फॉर्म कंट्रोलला ओळखतो तो त्यावरून. ४.० मध्ये मी सेल-क्लिकच्या इव्हेंटला (क्लिक झाल्याची कोडला मिळणारी सूचना) एक आर्ग्युमेंट (सोबत येणारी माहिती) वाढवला, जीयूआयडी बदलला, आणि वर इन्स्टॉलरनं जुनी ओसीएक्स (कंट्रोलची फाइल) काढून टाकली. एकदा लोकांच्या हातात गेलेल्या इंटरफेसला हात लावायचा नाही, नवं काही हवं तर ते शेजारी वेगळं द्यायचं, हा कॉमचा (विंडोजमध्ये अशी कंट्रोल्स ज्या पद्धतीनं जोडली जातात तिचा) मूळ नियम. तो मला ठाऊक होता आणि रिलीजच्या घाईत मीच मोडला. ४.०.१ मध्ये जुना जीयूआयडी आणि जुना इव्हेंट जसाच्या तसा परत आणलाय. नवा आर्ग्युमेंट आता वेगळ्या नावाच्या इव्हेंटमध्ये आहे.

एक्सेलचं कारण निराळं. तुमचं ऑफिस ६४-बिट आहे आणि ६४-बिट प्रोसेसमध्ये ३२-बिट ओसीएक्स लोड होऊच शकत नाही. ऑफिस २०१९ पासून डिफॉल्ट इन्स्टॉलेशन ६४-बिटच असतं, तरी आम्ही फक्त ३२-बिट फाइल देऊन ‘ऑफिसमध्ये चालतं’ असं लिहीत राहिलो. ते वाक्य काढलंय, आणि ४.०.१ मध्ये दोन्ही बिल्ड आहेत. इन्स्टॉलर दोन्ही रजिस्टर करतो. हातानं करायचं असेल तर फोल्डरच्या नावांनी फसू नका : ६४-बिट रेगसर्व्हर (ओसीएक्स रजिस्टर करणारा विंडोजचा प्रोग्रॅम) सिस्टिम३२ मध्ये असतो आणि ३२-बिटचा सिसवॉव६४ मध्ये. त्यानंतरही ‘ऑब्जेक्ट लायब्ररी इनव्हॅलिड’ आलं तर एक्सेल बंद करून टेम्प फोल्डरमधल्या ईएक्सडी फाइल्स पुसा. तो जुना कॅश असतो, एक्सेल तो नव्यानं बनवतं. तुमच्या कोडमध्ये विंडोज एपीआयचे डिक्लेअर (विंडोजची फंक्शन्स थेट बोलावणाऱ्या ओळी) असतील तर त्यांना पीटीआरसेफ हा शब्द लावावा लागेल, पॉइंटर आणि हँडल लाँगपीटीआर या टाइपमध्ये घ्यावे लागतील. ते काम आमच्या इन्स्टॉलरला करता येत नाही.

व्हिज्युअल स्टुडिओ २०१९ मध्ये हेच कंट्रोल चालत होतं, कारण तो आयडीई (कोड लिहायचा प्रोग्रॅम) ३२-बिट होता. २०२२ पासून तो ६४-बिट झाला आणि डॉट नेट फ्रेमवर्कच्या प्रोजेक्टचा फॉर्म डिझायनर सहसा त्याच्याच प्रोसेसमध्ये चालतो. त्यामुळे डिझाइन करताना त्याला ६४-बिट ओसीएक्स लागते, तुमचा प्रोग्रॅम एक्स८६ (३२-बिट) साठी बिल्ड होत असला तरीही. आमच्या दोन्ही बिल्डचा क्लास आयडी (कंट्रोलचा ओळख क्रमांक) एकच ठेवलाय, म्हणून डिझाइन करताना एक आणि प्रोग्रॅम चालताना दुसरी फाइल वापरली जाते. ४.० वर बनवलेल्या इंटरॉप डीएलएल (डॉट नेट आणि ओसीएक्स यांना जोडणाऱ्या फाइल्स) मात्र काढून टाका आणि रेफरन्स पुन्हा जोडा, नाहीतर त्या बदललेला जीयूआयडीच शोधत राहतील.

एका मुद्द्यावर मी सहमत नाही. ‘सगळीकडे चालणारी एकच फाइल द्या’ असं तुम्ही म्हणता. व्हीबी ६ फक्त ३२-बिट आहे, तुमचं एक्सेल ६४-बिट, आणि एक ओसीएक्स दोन्हीकडे लोड होत नाही. दोन फाइल्स लागणारच.

या वर्षीचं मेंटेनन्स शुल्क तुम्हाला परत करतोय, त्यासाठी तुम्ही रिव्ह्यू बदलायची गरज नाही. ४.०.१ टाकल्यावर एखादा फॉर्म अडला तर त्याची लॉग फाइल जुन्याच तिकिटाला जोडा. ते तिकीट आता माझ्याकडे आहे.