'द डिव्हिजन बेल'ला गिलमूरचा सोलो अल्बम म्हणणं बंद करा

पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडचा विषय निघाला की एक वाक्य हमखास फिरतं: बासवादक आणि मुख्य गीतकार रॉजर वॉटर्स बँड सोडून गेला तिथेच बँड संपला, 1994 चा 'द डिव्हिजन बेल' म्हणजे गिटारवादक-गायक डेव्हिड गिलमूरचा सोलो, म्हणजे एकट्याचा, अल्बम, शब्द बायकोने लिहिले आणि खपावा म्हणून वर फ्लॉइडचं नाव टाकलं. इतक्या वेळा शेअर झालंय की आता अल्बम न ऐकलेले लोकही तेच बोलतात. मला हा अल्बम खूप जवळचा आहे, त्यामुळे एकेक मुद्दा घेतेच.

पहिला मुद्दा सोलोचा. 1993 मध्ये सुरुवात झाली ती गिलमूर, कीबोर्डवादक रिक राईट आणि ड्रमर निक मेसन हे तिघं फ्लॉइडच्या जुन्या ब्रिटानिया रो स्टुडिओत नुसते जॅम करत, म्हणजे काही न ठरवता वाजवत बसले तिथून, पुढे गिलमूरच्या अॅस्टोरिया बोटीवरच्या स्टुडिओत काम झालं हे खरंय पण मूळ माल त्या जॅममधला आहे. साठच्या वर तुकडे जमले, मग कुठले ठेवायचे यासाठी चक्क मार्क द्यायला लागले आणि राईटने स्वतःच्या सगळ्या कल्पनांना दहापैकी दहा आणि बाकीच्यांना शून्य दिलं! सोलो अल्बममध्ये कोण असं मतदान घेतं सांगा. 11 पैकी 5 ट्रॅकच्या संगीतात राईटचं नाव आहे, आणि 'वेअरिंग द इनसाइड आउट' तो स्वतः गातो, 1973 च्या 'द डार्क साइड ऑफ द मून' या त्यांच्या अल्बमनंतर फ्लॉइडच्या स्टुडिओ अल्बमवर त्याचा लीड आवाज पहिल्यांदा इथे ऐकू येतो. सॅक्सोफोनवर पुन्हा डिक पॅरी, त्याच जुन्या अल्बममधल्या 'मनी' गाण्यात वाजवणारा. ते गाणं हेडफोन लावून ऐका, राईटचा तो थकलेला, जरा संकोचलेला आवाज ऐकून मला दरवेळी भरून येतं.

हां, कागदोपत्री राईट तेव्हाही पूर्ण सदस्य नव्हता आणि त्यावरून तो अल्बमच सोडायच्या बेतात होता. हे मान्य. पण करारात काय लिहिलंय आणि रेकॉर्डवर काय वाजतंय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत ना. सोलोचा आरोप त्यांच्या 1987 च्या 'अ मोमेंटरी लॅप्स ऑफ रीझन' या अल्बमवर करा, मी भांडणार नाही, तिथे ड्रम्सला बाहेरची माणसं आणि मशीन होती, आतल्या फोटोत फक्त गिलमूर आणि मेसन. आणि मग हाच नियम वॉटर्स असतानाच्या 1983 च्या 'द फायनल कट' अल्बमलाही लावा की! त्यात राईट मुळीच नाही, गाणी सगळी वॉटर्सची, गिलमूर लीड गातो ते एकाच गाण्यात, आणि कव्हरवर स्पष्ट छापलंय की रचना रॉजर वॉटर्सची, सादरकर्ते पिंक फ्लॉइड. तो मात्र खरा फ्लॉइड? का बरं?

दुसरं, "बायकोने लिहिलं". पॉली सॅमसन आणि गिलमूरचं लग्न जुलै 1994 मध्ये झालं, अल्बम मार्चमध्ये आला होता. ती पेशाने लेखिका आहे आणि बऱ्याच गाण्यांचे शब्द दोघांनी मिळून लिहिलेत. 'पोल्स अपार्ट'मध्ये पहिलं कडवं बँडचा सुरुवातीचा गायक सिड बॅरेटला, दुसरं वॉटर्सला उद्देशून आहे, 'हाय होप्स'मध्ये गिलमूरचं केंब्रिजमधलं लहानपण आहे, म्हणजे फ्लॉइडचीच गोष्ट सांगितलीय. वॉटर्ससारखी धार नाही, बरोबर, पण एकमेकांशी बोलणं तुटलेल्या माणसांवरचा अल्बम आहे हा, त्याला हीच भाषा शोभते. 'टेक इट बॅक' मलाही आवडत नाही, नसतं तरी चाललं असतं.

तिसरं, नावावर खपला. ब्रिटन-अमेरिका दोन्हीकडे पहिल्या नंबरवर गेला त्यात नावाचा वाटा असणारच, पण 'मरून्ड'ला ग्रॅमी मिळालं, आणि त्या वाद्यसंगीताच्या ट्रॅकवर गिलमूरच्या बरोबरीने राईटचं नाव आहे.

राईट 2008 मध्ये गेला. नंतर 2014 मध्ये 'द एंडलेस रिव्हर' आला तो मुख्यतः याच सेशन्समधल्या उरलेल्या जॅमवरून बनवलेला, आणि तो गिलमूर-मेसनने राईटच्या आठवणीसाठीच काढला. 1993 मध्ये तिघं एकत्र वाजवत नव्हते तर वीस वर्षांनी त्याच्या कीबोर्डवर उभा राहील असा अख्खा अल्बम निघाला कुठून?