शेत विका, पेशी टोचा

अण्णा, पायातलं चप्पल नकळत निसटायला लागलं, भाकरीचा तुकडा मोडताना बोटं ऐकेनात आणि डॉक्टरांनी ‘मोटर न्यूरॉनचा आजार’ (स्नायू हलवणाऱ्या चेतापेशी मरत जातात तो) असं सांगितलं, तर घाबरायचं काय कारण नाही. आधी शेताचा उतारा काढून ठेवा.

न्यूरॉलॉजिस्ट रिलुझोल नावाचं औषध लिहून देईल. आयुष्य थोडे महिने लांबतं, बरं होत नाही, असंही तोंडावर सांगेल. इतक्या खरं बोलणाऱ्या माणसाकडे दुसऱ्यांदा जाऊ नका. बेळगावजवळच्या खानापूरच्या बाजारात कुणाच्या तरी मेव्हण्याचा मेव्हणा भेटतोच, त्याला ‘मूळपेशीवाले’ ठाऊक असतात (मूळपेशी म्हणजे स्टेम सेल, जिच्यातून दुसऱ्या पेशी घडू शकतात).

प्रयोगशाळेतल्या लोकांचं मात्र ऐकू नका, फार सावकाश कारभार. 2002 साली त्यांनी उंदराच्या भ्रूणातल्या मूळपेशींना आधी रेटिनोइक ॲसिड, मग ‘सॉनिक हेजहॉग’चा संकेत (होय, व्हिडिओ गेममधल्या त्या निळ्या प्राण्याचंच नाव) असा खुराक दिला आणि मोटर न्यूरॉन घडवले. जपानी शास्त्रज्ञ यामानाकांनी 2007 साली माणसाच्या कातडीतली पेशी मागे फिरवून पुन्हा मूळपेशीसारखी केली. 2012 साली नोबेल मिळालं. 2008 मध्ये याच आजाराच्या 82 वर्षांच्या बाईच्या कातडीपासून प्रयोगशाळेतल्या बशीत मोटर न्यूरॉन तयार झाले. आणि मग काय केलं? बाईला टोचलेच नाहीत! आजार समजून घ्यायला आणि औषधं तपासायला बशीतच ठेवले. असल्यांना व्यवहार कधी कळायचा?

क्लिनिकात बघा. सकाळी कमरेच्या हाडातून मज्जा काढतात, यंत्रात गरगर फिरवतात, दुपारी मणक्यात सोडतात. त्या मज्जेतून मोटर न्यूरॉन उगवत नाहीत, हे खरं. पण बशीत जे व्हायला आठवडे जातात ते इथं जेवणाच्या सुट्टीत उरकतं, हेही बघा की.

समजा, उगवलाच एखादा न्यूरॉन. त्याला मणक्यापासून पायाच्या बोटापर्यंत धागा न्यायचा असतो, जवळजवळ एक मीटर. तुटलेली नस पुन्हा वाढते ती दिवसाला साधारण 1 मिलिमीटर. त्या हिशेबानं 1000 दिवस. आम्हा सीमाभागवाल्यांना थांबायचं कुणी शिकवावं? आमचा महाराष्ट्र-कर्नाटक सीमेचा दावा 2004 पासून सुप्रीम कोर्टात आहे. फरक एवढाच की या आजाराकडे पुढची तारीख मागता येत नाही.

आयसीएमआर, म्हणजे वैद्यकीय संशोधनाची सरकारी परिषद, म्हणते, रक्ताचे काही आजार सोडले तर मूळपेशींचा उपचार फक्त मंजूर चाचणीत करायचा, आणि चाचणीत रोग्याकडून पैसे घ्यायचे नाहीत. आता तुम्हीच सांगा, फुकटच्या औषधाला कधी गुण येतो काय?

तेव्हा चाचणीची नोंदणी कुठं आहे, असलं काही विचारू नका. डॉक्टरांना राग येतो. जाताना कुंद्याचा एक डबा न्या, बरं दिसतं.

दारावरची पाटी कन्नडमध्ये असते, संमतिपत्र इंग्रजीत, रोगी मराठी. एरवी भाषेसाठी आपण मोर्चे काढतो, पण इथं ‘मराठीत वाचून दाखवा’ म्हणून अडून बसू नका. खाली सही करून मोकळे व्हा. पेन धरायला बोटं वळत नसतील तर शाईचा पॅड टेबलावरच ठेवलेला असतो. अंगठा कंपाउंडर स्वतः धरून उठवतो.