‘एलोहीम’ अनेकवचनी आहे, पण क्रियापदाकडे बघा

‘बायबलच्या पहिल्याच ओळीत जग “देवांनी” निर्माण केलं असं आहे. मूळ हिब्रू शब्द एलोहीम, तो अनेकवचनी. भाषांतरकारांनी हे दडवलं. पुढे “आपण मनुष्य करू” या वाक्यात मात्र ते उघडं पडतं.’ हा मजकूर सारखा फिरतो आहे. त्याची सुरुवात खरी आहे, म्हणूनच तो पटतो.

‘-ईम’ हा हिब्रूतला पुल्लिंगी अनेकवचनाचा प्रत्यय. सूस म्हणजे घोडा, सूसीम म्हणजे घोडे. तेव्हा एलोहीम रूपाने अनेकवचनी, हे कबूल. पण ओळ आहे ‘बेरेशीत बारा एलोहीम’, आणि ‘बारा’, म्हणजे ‘निर्माण केलं’, हे क्रियापद एकवचनी आहे. कर्ते अनेक असते तर ‘बारऊ’ आलं असतं.

ही खूण मराठीत दिसतच नाही. ‘प्रारंभी देवाने आकाश व पृथ्वी ही उत्पन्न केली’ यातलं ‘केली’ आकाश-पृथ्वीशी जुळतं, देवाशी नाही. ‘देवांनी’ लिहिलं तरी ‘केली’च राहील. त्यामुळे मराठी वाचकाच्या हाती फक्त नाम उरतं, आणि नेमकं तिथेच हा मजकूर त्याला गाठतो. शिवाय आपण ‘बाबा आले’ म्हणतो, म्हणजे आदर क्रियापदात उतरतो. हिब्रूत उलट आहे. तिथे मोठेपण नामात येतं आणि क्रियापद एकवचनीच राहतं.

हे फक्त देवापुरतं नाही. उत्पत्ती ३९:२० मध्ये योसेफाचा धनी पोटीफर ‘अदोने योसेफ’ आहे. रूप अनेकवचनी, माणूस एकच. शास्ते ११:२४ मध्ये इस्राएलाचा पुढारी इफ्ताह अम्मोनी राजाशी बोलताना कमोश या एकट्या देवाला ‘एलोहेखा’, म्हणजे ‘तुझा देव’, म्हणतो. तेही एलोहीमचंच रूप. खरोखर अनेक देव सांगायचे असतात तेव्हा विशेषणही बदलतं. दहा आज्ञांमध्ये ‘एलोहीम अहेरीम’, म्हणजे ‘इतर देव’, असं आहे.

दडवल्याचा आरोप मला सर्वांत जास्त खटकतो. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या यहुद्यांनी ग्रीक भाषांतर सुरू केलं, तेव्हा त्यांनी ‘हो थेओस’ असं लिहिलं. एकवचन. ख्रिस्ती धर्म तेव्हा जन्मलाही नव्हता.

‘आपण मनुष्य करू’ (१:२६) मधलं ‘नाआसे’ खरंच अनेकवचनी आहे. कोणी त्यात स्वर्गीय सभेशी बोलणं पाहतं, कोणी स्वतःशी केलेला विचार, आणि ख्रिस्ती परंपरेने त्रैक्य, म्हणजे पिता, पुत्र व पवित्र आत्मा मिळून एकच देव, पाहिलं. पण पुढच्याच वचनात ‘वय्यिव्रा’, म्हणजे ‘आणि त्याने निर्माण केलं’, असं एकवचन परत येतं. मजकूर सव्विसाव्या वचनावर थांबतो, सत्ताविसावं दाखवत नाही.

मजकुराच्या बाजूने जाणारी एक जागाही सांगायला हवी. उत्पत्ती २०:१३ मध्ये, गरारच्या राजाशी बोलताना, अब्राहाम एलोहीमसोबत अनेकवचनी क्रियापद वापरतो. एलोहीम हिब्रू बायबलात अडीच हजारांहून अधिक वेळा येतो. त्यात इस्राएलाच्या देवासाठी असं क्रियापद सापडतं ते मोजक्याच ठिकाणी.