ब्रेक ऑइल गळतंय आणि म्हणे जुनी गाडी आहे, चालायचंच

"जुनी गाडी आहे साहेब, थोडंफार गळणारच." काल संध्याकाळी गॅरेजवाल्याच्या तोंडून हे वाक्य परत एकदा ऐकलं आणि तळपायाची आग मस्तकात गेली. अरे इंजिन ऑइल गळतंय म्हणालास तर मी ऐकून घेईन, गिअर बॉक्सचं गळतंय म्हणालास तरी ऐकून घेईन. ब्रेक ऑइल थोडंफार गळतं म्हणजे काय? माझ्या प्रीमियर पद्मिनीला, म्हणजे मुंबईच्या जुन्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीवाल्या गाडीला, चारही चाकांना मिळून ब्रेक ऑइलची एकच लाइन आहे. आजकालच्या गाड्यांसारखं दोन चाकांचं गेलं तरी बाकी दोन धरतात असला प्रकारच नाही. कुठल्याही एका चाकाचा एक रबरी वॉशर गेला की कात्रजच्या उतारावर पेडल सरळ फळीला टेकणार, मग हँडब्रेक ओढा आणि देवाचं नाव घ्या. आणि हा माणूस मला सांगतोय चालायचंच.

झालं काय, की बरेच दिवस पेडल स्पंजसारखं लागत होतं आणि ब्रेक ऑइलच्या डबीतली लेव्हल खाली जात होती. मी गॅरेजवाल्याला गाडी देतानाच शब्दाशब्दाने सांगितलं, बाबा रे लेव्हल खाली जातेय, म्हणजे ऑइल कुठूनतरी बाहेर पडतंय, चारही चाकं काढून बघ, ड्रम उघड. त्याने काय केलं? बॉनेट उघडलं, पोराला पेडल दाबायला सांगितलं, आणि मान हलवून निकाल दिला, मास्टर गेलाय. मास्टर म्हणजे पेडल दाबलं की चाकांकडे ऑइल ढकलणारा सिलिंडर. जॅक नाही लावला! गाडीखाली वाकून नाही बघितलं! मास्टर सिलिंडरची मागची बाजू ठणठणीत कोरडी होती, मी स्वतः बोट फिरवून दाखवलं त्याला. हे काय रॉकेट सायन्स आहे का? पेडल दाबून धरल्यावर हळूहळू खाली जातंय पण डबीतली लेव्हल तेवढीच आहे, तर मास्टरच्या आतला वॉशर ऑइल मागे सोडतोय. लेव्हल कमी होतेय तर गळती बाहेर आहे, आणि बाहेरची गळती डोळ्यांनी दिसते, फक्त डोळे तिथपर्यंत न्यायचे कष्ट घ्यावे लागतात. छप्पर गळतंय म्हणून कुणी दरवाजा बदलतं का? याने बदलला. नवीन मास्टर, वरून मजुरी, वरून पाइपांतली एअर काढायचे वेगळे पैसे.

आठवडाही टिकलं नाही. पेडल परत खाली.

मग मीच बसलो रविवारी. सगळे जॉइंट, सगळे पाइप आधी पाण्याने धुवून घेतले, कारण ब्रेक ऑइल पाण्यात विरघळतं, ग्रीस आणि इंजिन ऑइल विरघळत नाही, त्यामुळे जुना कुठला राडा आणि नवीन कुठली गळती हे वेगळं कळतं. पुसून कोरडं केलं, प्रत्येक नटावर टाल्कम पावडर मारली, चारही चाकांच्या आत पुठ्ठे सरकवले आणि पुतण्याला पेडलवर बसवला. "काका अजून दाबू का?" "दाब, दाबून धर, सोडू नकोस." पुढच्या उजव्या चाकाला होजच्या, म्हणजे रबरी पाइपच्या, बोल्टपाशी पावडर काळपट व्हायला लागली. बघतो तर तांब्याचा वॉशर जुनाच, चपटा झालेला, तोच परत बसवलेला. दहा-वीस रुपयांची वस्तू! तांब्याचा वॉशर एकदा दाबला गेला की परत नीट सील होत नाही, नवीनच टाकायचा असतो, हे ज्याला माहीत नाही त्याने ब्रेकच्या कामाला हात लावू नये.

पण खरं प्रकरण मागच्या डाव्या चाकात होतं. टायरची आतली बाजू ओली, ड्रमच्या मागच्या प्लेटचा रंग फुगून पापुद्रे सुटलेले. रंग असा फुगलाय म्हणजे हे गळणं आजकालचं नाही, महिनोन्महिने चाललंय, आणि ब्रेक ऑइल रंग खातं हे गॅरेजमधल्या झाडू मारणाऱ्या पोरालाही माहीत असतं. चाक काढून नुसतं बघितलं असतं तरी दिसलं असतं. ड्रम ठोकून ठोकून काढला, आत लायनर, म्हणजे ड्रमला घासून गाडी थांबवणारे पट्टे, काळे, ओले, चकचकीत. ते पट्टे ड्रमवर ढकलणाऱ्या व्हील सिलिंडरचं रबरी बूट नखाने जरासं मागे ओढलं आणि ऑइल बोटावरून मनगटापर्यंत ओघळलं. सिलिंडर खोलला तर बोअरमध्ये, म्हणजे आतल्या नळीत, गंजाचे खड्डे, आणि त्यावर कुणा महाभागाने पॉलिश पेपर आत-बाहेर, आत-बाहेर घासलेला. लांबीच्या दिशेने चरे! पेपर गोल फिरवायचा असतो रे, हे असे चरे मारून तू ऑइलला बाहेर यायला रस्ता करून दिलास. आणि लायनर एकदा ब्रेक ऑइल प्यायले की ते गेले. पेट्रोलने धुवून, जाळून, परत बसवणारे मी बघितलेत, आणि मग गाडी ब्रेक लावल्यावर एका बाजूला का ओढते म्हणून मालकालाच विचारतात.

तर हे सगळं मोबाइलमध्ये फोटो काढून काल त्याच्याकडे गेलो आणि त्यावर हे उत्तर. जुनी गाडी आहे, गळणारच. फोटोकडे बघितलंसुद्धा नाही. बरं, म्हटलं, माझा जुना मास्टर तरी परत दे, तो चांगला होता. तर म्हणतो तो भंगारात गेला. कुर्ल्याच्या कारखान्यातून गाडीबरोबर आलेला मास्टर सिलिंडर, बोअरला एक चरा नाही, नुसतं रबर बदललं असतं तर अजून कितीतरी वर्षं चालला असता, तो याने मला न विचारता किलोच्या भावाने विकला, आणि त्या जागी खोक्यावर ओरिजिनल छापलेला कुठलातरी डुप्लिकेट बसवला. काढलेला पार्ट मालकाचा असतो. तो मालकाच्या हातात द्यायचा असतो. एवढी साधी गोष्ट यांना कधी कळणार?

आणि ऑइलच्या डब्याबद्दल तर बोलायलाच नको. यांच्या फळीवर झाकण नसलेला डबा वर्षभर उघडा पडलेला असतो, त्यातलंच सगळ्यांच्या गाडीत ओततात. ते हवेतली ओल ओढतं रे बाबांनो! डॉट ३ दर्जाचं ब्रेक ऑइल नवीन असताना किमान २०५ डिग्रीला उकळतं, पाणी ओढलं की तेच १४० च्या आसपास येतं. पावसाळ्यात पुण्यात-मुंबईत उघडा ठेवलेला डबा म्हणजे काय असेल विचार करा. घाटात ड्रम तापले की त्या पाण्याची वाफ होते आणि पेडल फुकट खाली जातं. बोअरमधले ते गंजाचे खड्डे पण याच पाण्याने पडतात. आणि हे कमी म्हणून एका ओळखीच्यांच्या गाडीत एकाने पॉवर स्टीअरिंगचं ऑइल ओतलेलं, म्हणे ऑइल ते ऑइल. सगळी रबरं फुगली, मास्टरपासून चारही चाकांपर्यंत आणि तिन्ही होजसकट सगळं बदलावं लागलं त्यांना.

आता रबरांचं बघा. नाना पेठेत किट मिळतं, मिळत नाही असं नाही, पण हातात घेऊन वाकवून बघा, कडेला बारीक भेगा. कधीचं पडून आहे देव जाणे. पूर्वी असं नव्हतं कारण मुंबईत हजारो टॅक्स्या होत्या, माल रोज खपायचा, रोज ताजा यायचा, आणि टॅक्सीवाल्यांचे मिस्त्री असे होते की डोळे मिटून चार चाकांची किटं बदलून एअर काढून द्यायचे. ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सी बंद झाली तेव्हा यच्चयावत लोकांनी स्टेटसवर काळ्या-पिवळ्या गाडीचे फोटो टाकले, डोळे पाणावले म्हणे. त्यातल्या एकाने तरी विचारलं का की त्या मिस्त्र्यांचं काय झालं? १९६४ पासून कुर्ल्यात जी गाडी बनली, जिने अख्खी मुंबई ओढली, तिच्या ब्रेकचं काम येणारी माणसं गेली आणि कुणाला पत्ता नाही. सिग्नलला शेजारी थांबून फोटो काढायला सगळे तयार. पंधरा वर्षांवरच्या गाडीची पुनर्नोंदणीची फी २०२२ मध्ये ६०० ची ५००० झाली, ती पण आम्ही मुकाट भरली. गाडी ठेवायची किंमत आहे, मान्य. पण पैसे मोजूनसुद्धा चाक उघडून बघणारा माणूस मिळू नये?

आणि सल्ले देणारे. "विकून टाक." "डिस्क ब्रेक बसवून घे, अमक्या गाडीचे बसतात." अरे गाडीचे ब्रेक चांगले आहेत! चारही ड्रम नीट, शू अ‍ॅडजस्ट केलेले, रबरं ताजी आणि ऑइल स्वच्छ असेल तर ही गाडी व्यवस्थित थांबते, इतकी वर्षं खंबाटकी उतरलोय हिच्यात सगळ्या घराला घेऊन. दोष गाडीचा नाहीये. काम न करता अंदाजाने पार्ट बदलणाऱ्यांचा आहे, आणि त्यांना "जाऊ दे ना" म्हणून पैसे देणाऱ्या आपल्या सवयीचा आहे.

मी आता जाऊ देणार नाहीये. चारही व्हील सिलिंडर खोललेत, खड्डे पडलेला फेकून नवीन टाकतोय, होज आणि तांब्याचे वॉशर सगळे नवीन, ऑइल सीलबंद बाटलीतलं. आणि ते भिजलेले लायनर पिशवीत भरून ठेवलेत. उद्या गॅरेज उघडल्या उघडल्या त्याच्या टेबलावर ओतणार, गिऱ्हाइकं उभी असतानाच, आणि मास्टरचे पैसे परत मागणार.