जुन्या विटांची रस्तारेषा

शहरात कुठला रस्ता रुंद होणार आणि कुठली जागा कशासाठी राखीव राहणार हे ठरवणाऱ्या विकास आराखड्याचे प्रदर्शन मंडळाच्या मांडवात भरवायचे आणि ते पाडलेल्या वाड्यांच्या सामानातून उभे करायचे, हा आमच्यातल्या आर्किटेक्टचा प्रस्ताव कट्ट्यावर आला, तेव्हा पहिला विरोध मांडवाचा व्यवसाय करणाऱ्या तात्यांनीच केला. त्यांचे म्हणणे असे की, सागवानी तुळईला टाकाऊ म्हणणाऱ्याने वखारीत जाऊन एकदा घनफुटाचा भाव विचारावा. शिवाय आत मोडून राहिलेला एखादा खिळा करवतीचे दात घालवतो, तो खर्च वेगळाच. फुकट मिळतात ते वाढदिवसांचे फ्लेक्स, आणि त्यांचा तुटवडा आपल्याकडे कधी पडायचा नाही!

वकील मित्राचा आक्षेप मुळावरच होता. नगररचना अधिनियम 1966 च्या कलम 26 खाली प्रारूप, म्हणजे कच्चा, आराखडा प्रसिद्ध झाला की हरकतींना 30 दिवस मिळतात. त्या मुदतीत मांडवात येणारा माणूस नकाशात आपल्या जागेचा सिटी सर्व्हे नंबर शोधायला येतो, कौलांची आरास पाहायला नव्हे. मुंबईचा 2015 चा प्रारूप आराखडा चुकांमुळे फेरतपासणीला गेला आणि नव्याने होऊन 2018 मध्ये मंजूर झाला, हे उदाहरण त्याने पुढे केले; त्यातल्या कितीतरी चुका लोकांनी नकाशा आपल्या गल्लीशी ताडून पाहिला म्हणूनच उघड झाल्या होत्या.

मला वकिलाचे निम्मे पटले. नकाशा स्वच्छ कागदावर, मोठ्या अक्षरांत आणि डोळ्यांच्या उंचीवरच हवा. जुन्या दाराच्या फळीवर रंगवलेली जागांची आरक्षणे छायाचित्रात शोभतील, वाचता येणार नाहीत. परंतु 1:5000 च्या नकाशावर अर्ध्या मिलिमीटरची रेघ म्हणजे जमिनीवर अडीच मीटर, म्हणजे एखाद्या घराची अख्खी ओसरी, हे कागद कितीही स्वच्छ असला तरी सांगत नाही. रस्तारुंदीची ती रेषा गल्लीतच, खऱ्या मापाने, जुन्या विटा नुसत्या मांडून दाखवावी आणि जिथे ती एखाद्या घरात शिरते तिथे वाड्याची रिकामी चौकट उभी करावी, असे मी सुचवले.

आर्किटेक्टला कल्पना आवडली. तात्यांनी अट घातली की चौकटीला खिळा मारायचा नाही, बांबूचा आधार देऊन ती सुतळीने बांधायची, म्हणजे काम झाल्यावर वखारवाला ती विनातक्रार परत घेईल. वकिलाने मात्र विटांसाठी रस्ता अडवायची परवानगी कोणाच्या नावावर काढणार, असे विचारले आणि अर्जाचा मसुदा करायचे काम त्याच्याच गळ्यात पडले.